पाटीखालची खुर्ची

एस्थर मॅमच्या घराचं फाटक भर दुपारी सताड उघडं असायचं. तांबरममध्ये त्या वेळेला फाटक उघडं ठेवणारं दुसरं घर मला तरी माहीत नाही. बारा वाजले की ती सगळी गल्ली पडदे ओढून घ्यायची, कुत्री नळाजवळच्या ओलीत जाऊन पडायची, दोरीवरचे कपडे पापडासारखे कडक व्हायचे. अशा वेळी एस्थर मॅम व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर, फाटकाकडे तोंड करून बसलेल्या असत. कुरिअरवाला येवो, फुलवाली येवो, गॅसवाला येवो, पहिला प्रश्न ठरलेला.

"कुठून आलात? कुठे निघालात?"

गॅसवाला सिलिंडर खांद्यावर तोलत म्हणायचा, "गोडाउनमधून, मॅडम. इथून पुढच्या गल्लीत."

"शाब्बास. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिलीस. हागारने एकाचंच दिलं होतं."

हागार कोण हे न विचारता तो आत जायचा.

हागार ही बायबलच्या जुन्या करारातली मिसरी दासी. मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती रानात पळाली, तेव्हा झऱ्याकाठी परमेश्वराच्या दूताने तिला नावाने हाक मारली आणि हेच दोन प्रश्न विचारले. कुठून पळाले ते तिने सांगितलं. कुठे जाणार ते तिला सांगता आलं नाही. मालकीण म्हणजे अब्राहामाची बायको सारा, आणि जाचाचं मूळ हेवा. मॅम म्हणायच्या, ही गोष्ट ज्याला कळली त्याला पुढची सगळी दर्शनं कळतील. मला त्या गोष्टीतलं हेव्याचं तेवढं लगेच कळलं.

कॉलेजात त्या आम्हाला इंग्रजी शिकवत. पण त्यांचा जीव अडकला होता तो शनिवारच्या वर्गात. दरवर्षी जूनमध्ये सूचनाफलकावर त्यांच्या तिरक्या अक्षरात एक कागद लागे: प्राचीन काळी देव कुणाकुणाला दिसला आणि ख्रिस्ती लोकांनी त्याचा काय अर्थ लावला, ते वाचायचं आहे, माझ्या घरी, शनिवारी, कुणीही यावं, जेवण मिळेल. नागरकोविल, तिरुनेलवेलीकडून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली जेवणासाठी जात. मी का गेले ते त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी 'सहज' म्हटलं असतं. खरं कारण असं, की मॅम वर्गात ज्या मुलीकडे बघून बोलत, ती मुलगी त्या दिवशी जरा उंच होऊन घरी जाई. मला तसं उंच व्हायचं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बाबांना श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून या तमिळ मुलखात आलो, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. बाबा पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसत आणि अंधार पडल्यावर उतरत. शाळा इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, मराठी फक्त आईशी. तीन भाषा येत असून तिन्हींत गप्प राहणारी मुलगी म्हणून मी नातेवाइकांत प्रसिद्ध होते.

पहिल्या शनिवारी मी फाटकातून आत गेले. प्रश्न आला. मी म्हटलं, "घरून, मॅम."

"आणि कुठे निघालीस?"

"इथेच."

मॅमनी चष्म्यावरून पाहिलं आणि आत जायची खूण केली. माझ्या मागोमाग एक उंच मुलगी आली, केसांत कनकांबरांचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा. तिने त्याच प्रश्नाला उत्तर दिलं ते असं: "वेस्ट मांबलमहून आले, मॅम. गाडीत एका आजीने मला तिची कोंबडी धरायला दिली आणि पल्लावरम स्टेशन आलं तशी आजी झोपली. कुठे निघालेय ते कोंबडीला विचारायला हवं होतं, ती फार शहाणी होती." मॅम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

ती पद्मिनी राव. तंजावरकडचे मराठी लोक, कित्येक पिढ्या इथलेच. मी मराठी आहे हे कळल्यावर ती आनंदाने ओरडलीच, "अगो, तू आमची की!" आणि माझा हात धरून बसली. तिची मराठी जुन्या पोथीतून निघाल्यासारखी होती आणि हेल पूर्ण तमिळ. माझी मराठी ऐकून ती म्हणाली, "तू टीव्हीतल्या बातम्यांसारखी बोलतेस गे." तिला कुणाचाच हेवा वाटत नसे. त्यामुळे तिचा हेवा करणं आणखी सोपं होतं.

वर्ग जेवणाच्या लांब टेबलाभोवती भरायचा. टेबलाच्या टोकाशी भिंतीवर एक लाकडी पाटी होती. इकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत ती असते: या घराचा धनी ख्रिस्त आहे, प्रत्येक जेवणाला तो न दिसणारा पाहुणा असतो, आणि प्रत्येक बोलणं तो गुपचूप ऐकत असतो, अशा अर्थाची. पाटीखालच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. तसा नियम नव्हता. पाटी डोक्याला लागायची. मी त्या खुर्चीच्या शेजारी बसे. गुपचूप मीही ऐकत होते. माझी पाटी कुणी लावली नव्हती.

मॅमची शिकवण्याची रीत विचित्र होती. अब्राहामाकडे तिघे पाहुणे आले ती गोष्ट वाचायची म्हणजे आधी पंखा बंद. जून महिन्यातलं तांबरम. आमच्या मानेवरून घामाचे ओघळ, वहीला बोटं चिकटतायत, आणि मॅम कडक इस्त्रीच्या सुती साडीत ताठ. "अब्राहामाला पंखा नव्हता. भर दुपारी तो तंबूच्या दाराशी बसला होता. आता वाचा." आणि खरंच, घामाने डोळे चुरचुरत असताना त्या ओळी वाचल्या की समोरचं हलू लागायचं. त्या उन्हात तिघे उभे दिसले असतील तर ते कसे, हे कळायचं.

मग प्रश्न. ते तिघे कोण? मॅम तीन पेले टेबलावर मांडत. एका मताप्रमाणे तिघे मिळून एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणून अब्राहाम तिघांना पाहतो आणि एकाशी बोलल्यासारखा बोलतो. दुसरं मत: एक जण पुत्र, म्हणजे बेथलेहेमात जन्मण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या रूपात आलेला ख्रिस्तच, आणि बाकीचे दोघे दूत. तसं म्हणणारे पुरावा देतात की पुढे सदोम गावी संध्याकाळी दोघेच पोचतात, एक मागे राहून अब्राहामाशी बोलत असतो. इथे मॅम दोन पेले सरकवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेत. तिसरं मत: तिघेही दूतच, देवाला कुणी कधी पाहिलेलं नाही, दूत त्याच्या नावाने बोलतो, राजाचा निरोप्या राजाच्या शब्दांत बोलतो तसा.

"मग खरं कुठलं, मॅम?" कुणीतरी विचारायचंच.

"मी तंबूत नव्हते."

हे त्यांचं पेटंट उत्तर. चर्चचे पाळक विचारोत की आम्ही, त्या एवढंच सांगत. प्रत्येक मत त्या अशा जिव्हाळ्याने मांडत की वाटे हेच त्यांचं. मग पुढचं मांडत. कॅलेंडरांवरच्या पंखवाल्या सोनेरी केसांच्या देवदूतांचा मात्र त्यांना मनस्वी राग होता. "पाठीला असे पंख असते तर अब्राहामाने आधी ओळखलं नसतं? पाय धुवायला पाणी आणलं असतं? उडणाऱ्याचे पाय कशाने मळतात?"

वर्षाच्या शेवटी त्यांच्या चर्चमध्ये महिलांचा रविवार असे. त्या दिवशी वर्गातली एक मुलगी वेदीजवळच्या मेजापाशी उभी राहून, भरलेल्या चर्चसमोर, एखाद्या दर्शनाविषयी बोले. मुलगी कोण ते मॅम ठरवत. हिंदू मुलगी पूर्वी कधी बोलली नव्हती, पण बोलू नये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. मला ते हवं होतं. बाजारात सुटे पैसे मागायला मी घाबरते, आणि तरी मला ते हवं होतं. एखादी गोष्ट हवी असणं आणि झेपणं यांचा संबंध असतोच असं नाही. मी घरी आरशासमोर, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलून पाहत असे.

आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. दर्शनं वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली होती. जुन्या करारातल्याच गिदोनाने दूतापुढे अन्न ठेवलं, तर दूताने काठी टेकवली आणि खडकातून आग निघून ते जळून गेलं. मानोहा आणि त्याच्या बायकोने दूताला जेवायला थांबवलं, तर तो म्हणाला, थांबेन, पण तुमचं अन्न खाणार नाही. दोन्हीकडे असंच. आणि अब्राहामाकडे? दही आणलं, दूध आणलं, वासरू रांधलं, साराने पोळ्या केल्या, आणि पाहुणे जेवले. झाडाखाली बसून चक्क जेवले. हे मला एका बुधवारी बसमध्ये सुचलं. शनिवारपर्यंत मी ते जपून नेलं.

शनिवारी पंखा बंद झाला. मॅम पेले मांडून त्या तीन मतांबद्दल बोलत होत्या. मी हात वर केला. म्हणजे टेबलावरून उचलला. कोपर तिथेच राहिलं. शब्द जुळवत होते, 'मॅम, मला असं वाटतं की', एवढ्यात पद्मिनी गजरा सारखा करत म्हणाली, "ते कोण होते ते राहू दे, मॅम. ते जेवले का?"

सगळ्या हसल्या. मॅम हसल्या नाहीत.

"काय म्हणालीस?"

"जेवले का खरोखर? आमच्यात पान वाढून ठेवतात, देव काही जेवत नाही, मग आम्हीच जेवतो. गिदोनाकडे जळून गेलं. इथे तर जेवले असं लिहिलंय. मग हा पाहुणा वेगळा की."

मी हात खाली घेतला.

मॅम उठल्या आणि त्यांनी पंखा लावला. अब्राहामाच्या गोष्टीत पंखा लागल्याचं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मग त्या जवळजवळ तासभर बोलल्या. या एका जेवणाने किती विद्वानांची पंचाईत केली होती; काहींनी म्हटलं की ते नुसते जेवल्यासारखे दिसले, काहींनी म्हटलं की आग जसं लाकूड खाते तसं त्यांनी अन्न खाल्लं. आणि पुत्रच आला होता असं मानणाऱ्यांना मात्र हे जेवण फार आवडतं. कारण पुढे मेलेला ख्रिस्त उठून मित्रांमध्ये येतो आणि ते त्याला भूत समजतात, तेव्हा तो विचारतो की तुमच्याकडे खायला काही आहे का, आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. "जो जेवतो तो भूत नव्हे," मॅम म्हणाल्या, आणि सबंध वेळ पद्मिनीकडे बघत म्हणाल्या.

महिलांच्या रविवारी कोण बोलणार ते त्याच दिवशी ठरलं. स्टेशनच्या जिन्यावर पद्मिनीने मला मिठी मारली. "माझे हात बघ गे, गार पडले!" तिचे हात गरम होते.

माझ्या वाट्याला त्या वर्षी वेगळंच काही आलं.

शेजारी ग्लोरी आंटी राहत. चर्चच्या गायकवृंदातला सगळ्यांत उंच आवाज त्यांचा. एका शनिवारी जेवण झाल्यावर बाकीच्या मुली गेल्या होत्या, मी पेले विसळत होते, तेवढ्यात आंटी धापा टाकत आल्या. त्यांना दर्शन झालं होतं. सकाळी मोटर लावायला गेल्या तर पाण्याच्या टाकीजवळ प्रभू उभा.

मॅमनी त्यांना समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. आवाज शांत, प्रश्न पोलिसांचे. कपडे कसले? उजेड मागून होता की पुढून? आधी कोण बोललं? नावाने हाक मारली का? कुठल्या भाषेत?

"तमिळमध्येच, अक्का! ग्लोरी, भिऊ नकोस, म्हणाला."

"तू भ्यायली होतीस?"

"तो दिसल्यावर भ्याले ना!"

"पायांत काय होतं?"

"पायांकडे कोण बघतं, अक्का? मी तोंडाकडे बघत होते." आणि आंटी रडू लागल्या. इतक्या सुखाने रडणारं माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मॅमनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, फाटकापर्यंत पोचवून आल्या. मग स्वयंपाकघरात आल्या आणि मी मोरीपाशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या बाबतीत असं होतं. त्या ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच, हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिला? टाकीपाशी? हिला?"

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी रोज दाराशी बसते."

मी पेला हातात धरून श्वास रोखून उभी होते. त्या गेल्यावरच तो खाली ठेवला.

दर्शनांविषयी छापलेलं जे जे मिळेल ते या बाईंनी वाचलं होतं. कोण कुणाला कधी कुठे दिसला, त्यावर कोण काय म्हणालं, सगळं त्यांच्या जिभेवर. भर दुपारी फाटक उघडं ठेवून बसायच्या त्या उगाच नव्हे. आणि आला तो शेजारच्या टाकीपाशी, मोटर लावायला गेलेल्या बाईकडे. मॅमचा चेहरा मी त्या वेळी बाजूने पाहिला. तो चेहरा मला परका नव्हता. जिन्यावर पद्मिनीने मिठी मारली तेव्हा माझा तोच असणार. हे मी कुणाला सांगितलं नाही. पद्मिनीला मॅमचं हसू मिळालं होतं, पंखा मिळाला होता, मेज मिळणार होतं. मॅमचा हेवा मात्र माझ्याकडे होता. तो मी तिला देणार नव्हते.

महिलांच्या रविवारी पद्मिनी बोलली आणि सुंदर बोलली. साध्या तमिळमध्ये, हात हलवत. देव कोण ते थोरांनी ठरवावं, आम्ही बायका आधी जेवला का ते विचारतो, असं ती म्हणाली तेव्हा अख्खं चर्च हसलं. म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. ग्लोरी आंटी पहिल्या रांगेतून जोरात 'आमेन' म्हणाल्या. मी मागच्या दाराजवळ उभी होते. तिचं एकेक वाक्य माझ्या ओठांशी येऊन परत जात होतं. बोलणं संपल्यावर तिने सवयीने मेजाला हात लावून डोळ्यांना लावला, आणि तेसुद्धा लोकांना आवडलं.

त्यानंतर मॅमच्या घरी सगळ्यांचं जेवण होतं. पद्मिनीची आई वेस्ट मांबलमहून डबे घेऊन आली होती. मी सगळ्यांबरोबर गेले नाही. तिचं कौतुक आणखी ऐकायचं नव्हतं मला. स्टेशनला गेले, बाकावर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या. तिसऱ्या गाडीने घरी गेले असते. पण मॅम माझी चौकशी करतील, अशी उगाच आशा वाटली आणि परत फिरले.

दाराशी पोचले तेव्हा आत कुणी बोलत नव्हतं. इतकी माणसं आणि पानांवर वाढलेलं अन्न असताना अशी शांतता म्हणजे काहीतरी बिनसलेलं. मी पडद्यामागेच थांबले.

झालं होतं ते असं. पद्मिनीने आईला ती पाटी वाचून दाखवली होती. न दिसणारा पाहुणा प्रत्येक जेवणाला असतो म्हटल्यावर त्या बाईंनी त्यांच्या घरी जे केलं असतं तेच केलं. पाटीखालच्या खुर्चीसमोर पहिलं केळीचं पान मांडलं, त्यावर मीठ, कोशिंबीर, पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, पायसम सगळं रीतसर वाढलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले. ग्लोरी आंटींनी ते पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"हे आपल्यात चालत नाही, अक्का. मूर्तीला दाखवलेलं अन्न आपण खात नाही. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"मूर्ती कुठे आहे, ग्लोरी?" मॅमचा आवाज आला. "खुर्ची रिकामी आहे."

"म्हणूनच! रिकाम्या खुर्चीला नैवेद्य! बाहेर कळलं तर काय म्हणतील?"

पद्मिनीच्या आईला तमिळ सगळंच कळत होतं, पण घाबरल्यावर ती मराठीवर आली. "पाहुणा म्हणून लिहिलें आहे म्हणाली ही. पाहुण्यास पान नको कीं? मी काय चुकलें गे, पद्मिनी?"

पद्मिनीचं तोंड लाल झालं होतं. पदर धरून उभ्या असलेल्या आईकडे ती बघत नव्हती, मॅमकडे बघत होती. सगळेच मॅमकडे बघत होते. पान उचला म्हटलं तर पाहुणी आलेल्या बाईचा अपमान. राहू द्या म्हटलं तर निम्मी माणसं न जेवता उठणार. आणि मॅम त्या पानाकडे बघत होत्या. आयुष्यभर त्या पाटीखाली जेवल्या असतील; तिथे पान वाढावं, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात वाऱ्याने पडदा हलला.

"केतकी," मॅम म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी कधी आले, कुठे होते, आले नव्हते का, यातलं काही कुणाच्या लक्षात नसावं, असं त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

"कुठून आलीस?"

"स्टेशनवरून, मॅम."

"कुठे निघालीस?"

नेहमीसारखं 'इथेच' म्हणायला हवं होतं. "ठाऊक नाही," मी म्हटलं.

"मग बस." मॅमनी पाटीखालची खुर्ची स्वतः मागे ओढली. "बस, बस. डोकं सांभाळ." आणि ग्लोरी आंटींकडे वळून म्हणाल्या, "खुर्ची आता रिकामी नाही, ग्लोरी. पान हिचं आहे. उशिरा आली, अजून वाढायचं तिचंच राहिलं होतं. आता जेवूया?"

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. "हो, ही तशी दिसतच नाही!" म्हणाल्या आणि बसल्या. सगळे हसले, पद्मिनीही, सुटल्यासारखी. तिची आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि मी पहिला घास घेतला तशी पुढे पायसम ओतू लागली. "खा गे, लेकरा. " मग तिने दह्याचं भांडं उचललं. "तयिर वाढूं? पुरे म्हणूं नको."

मी सगळं पान संपवलं. असं पोटभर मी परक्या घरी कधी जेवले नव्हते. पुळियोदरैत शेंगदाणे सढळ होते. चिंचेचा आंबटपणा अजून आठवतो. शेवटी मॅम टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून पद्मिनीला म्हणाल्या, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जेवला." आणि पुन्हा हशा झाला.

लोक अजूनही ही गोष्ट सांगतात आणि मला वाटतं सगळे ती गोड म्हणून सांगतात. मला ती पूर्ण गोड लागत नाही. मॅमनी मला भरल्या घरात नावाने हाक मारली, जिथे कुणी बसत नाही तिथे बसवलं. आणि त्यांनी ते उत्तर दिलं ते पद्मिनीला. पान तर माझ्यासाठी वाढलेलं नव्हतंच. ज्याच्यासाठी वाढलं होतं त्याचाही मला घास घेताना हेवा वाटला. तो बोलत नाही, दिसत नाही, आणि तरी त्याला पहिलं पान.

पुढच्या वर्षी मॅम निवृत्त झाल्या आणि भावाकडे, तिरुनेलवेलीजवळ पाळयंकोट्टैला, राहायला निघाल्या. गाडी एग्मोर स्टेशनहून संध्याकाळची. पद्मिनी तोवर बंगलोरला नोकरीला गेली होती. तिने फोन केला असणार, बराच वेळ. मी गेले. मॅम खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर छत्री, बाजूला दहीभाताचा डबा. मला पाहून प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी तू हात वर केला होतास."

कुठल्या दिवशी ते मला विचारावं लागलं नाही.

"अर्धाच," मी म्हटलं.

"अर्धाच. खाली का घेतलास?"

"पद्मिनीने विचारलं ना."

"तेच विचारणार होतीस?"

"हो."

"मला वाटलंच. तुझी बोटं गिदोनाच्या पानावर होती."

इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. "मग तुम्ही मला का नाही विचारलंत, मॅम?"

"मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "हाक मारून विचारणारा तो वेगळा. दाराशी बसलेल्या माणसाला थांबताच येतं, केतकी. दुसरं काय येतं?"

फलाटावर चहावाला ओरडत गेला. गाडी सुटायला थोडा वेळ होता आणि पुन्हा भेट होईल असं आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं, म्हणून मी विचारून टाकलं. "मॅम, तुम्हाला कधी दिसलं काही?"

मी 'तंबूत नव्हते' ऐकायला तयार होते. त्यांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. "नाही," म्हणाल्या. मग खिडकीच्या गजांजवळ तोंड आणून, एखादं चावट गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "ग्लोरीला टाकीपाशी दिसला, तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी नीट बोलू शकले नाही. देवसुद्धा स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, तर माझं काय!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी मोरीपाशी होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात गाडी हलली. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, माझ्या बोटांना लागला न लागला. मी खिडकीबरोबर चालू लागले. मला वाटलं आता त्या काही म्हणतील. माझ्यासाठी खास असं, घरी नेता येईल असं.

त्यांच्या समोरच्या बाकावर एक माणूस धावत येऊन बसला होता. घामाघूम, हातात एक प्लास्टिकची पिशवी, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. मॅम त्याच्याकडे वळल्या. आवाज मला ऐकू आला नाही, पण ओठ ओळखता आले. कुठून आलात? कुठे निघालात? तो गोंधळला, मग काहीतरी सांगू लागला, आणि मॅम मान हलवत दहीभाताच्या डब्याचं झाकण काढू लागल्या. शेवटचं दिसलं ते एवढंच: झाकणावर भात वाढून त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं होतं आणि तो नको नको म्हणत हात पुढे करत होता.

सकाळपर्यंत तो त्यांच्यासमोर बसणार होता. मी फलाटाच्या टोकाशी उभी राहिले. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, चेहराही आता आठवत नाही. हेवा मात्र अजून तसाच आहे.